बधिर पाऊल : वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवा आणि मधुमेही पायाचा प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्याचा इतिहास बहुधा सेवाभावाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे आरंभिलेले कार्य, १९३९ मध्ये सेवाग्रामात आलेल्या परचुरे शास्त्रींची गांधीजींनी स्वहस्ते केलेली शुश्रूषा आणि १९५१ मध्ये स्थापन झालेले गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन हे या इतिहासातील परिचित टप्पे होत. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे संवेदना गमावलेल्या पावलाविषयीचे ज्ञान. मधुमेहाच्या आजच्या प्रसारात त्या ज्ञानाची निकड वाढली आहे.

कुष्ठरोगात बोटे 'झडतात', मांस सडते, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. वेल्लोर येथे १९४६ पासून कार्यरत असलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी ती खोडून काढली. पायाच्या जखमा रोगजंतू थेट घडवीत नाहीत. मज्जातंतू निकामी झाल्याने वेदना नाहीशी होते आणि रुग्ण जखमेवरच चालत राहतो. निरोगी मनुष्य काटा रुतताच लंगडतो, पायावरचा भार बदलतो. बधिर पावलाला ती सोय नाही. तळव्यावर एकाच जागी दाब पडत राहतो, घट्टा वाढतो, त्याखाली व्रण होतो. म्हणून उपचारात मलमापेक्षा विश्रांती व प्लास्टर यांना, आणि व्रण भरल्यावर मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, खिळे नसलेल्या चपलेला महत्त्व आले. पऱ्हाटीच्या खुंटांतून अनवाणी वावरणाऱ्या शेतमजुरासाठी ही चप्पल म्हणजे औषधच होते.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे प्लास्टरची हीच पद्धत मधुमेही रुग्णांच्या व्रणांसाठी वापरली गेली. आज मधुमेही तळव्याची संवेदना ज्या दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तपासतात, त्याचा निकषही १९८६ मध्ये कार्व्हिलच्याच संशोधकांनी मांडला. भारतातील कुष्ठरुग्णांच्या पायांनी शिकविलेला धडा अशा रीतीने जगातील मधुमेही रुग्णांपर्यंत पोहोचला.

अर्थात दोन्ही रोग एकरूप नव्हेत. मधुमेहात रक्तवाहिन्याही अरुंद होतात, रक्तपुरवठा घटतो, जंतुसंसर्ग वेगाने पसरतो; केवळ पादत्राण बदलून तेथे भागत नाही. तथापि पहिली चूक दोहोंत एकच घडते : दुखत नाही, म्हणून पाहिले जात नाही. रोज सायंकाळी तळवे न्याहाळणे, पायताण घालण्यापूर्वी झाडणे, घट्टा स्वतः न कापणे ही कुष्ठरुग्णांना दिलेली शिकवण मधुमेही व्यक्तीलाही तशीच लागू पडते.

अडचण आहे ती कलंकाची. मऊ रबराची ती विशिष्ट चप्पल गावोगाव 'महारोग्याची' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि खुद्द कुष्ठरुग्णही ती घालण्यास संकोचू लागले. (या चपलेचा सामाजिक इतिहास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा.) मग मधुमेही गृहस्थ ती सहजी कशी स्वीकारणार? डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले आणि निर्मूलनाची घोषणा झाली. स्वतंत्र कुष्ठयंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन होत असताना व्रण हाताळणारे अनुभवी हात आणि अशी पादत्राणे घडविणारे कारागीर मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात आणता आले असते. सेवाग्राम व दत्तपूर यांच्यातील अंतर काही फार नाही.