मधल्या विसाव्याचे माप

तालमीत जाणाऱ्या मुलाला आपण विचारतो, जोर किती काढतोस? मध्ये दम किती घेतोस, हे कोणी विचारीत नाही. विसाव्या शतकात धावण्याच्या शिक्षणाला जे नवे वळण लागले, ते या न विचारलेल्या प्रश्नातून. त्याची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

जर्मनीतील प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि फ्रायबुर्गचे हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी धावपटूच्या नाडीवर बोट ठेवले. थोडे अंतर वेगाने धावावयाचे. नाडी 180 च्या घरात जाते. मग थांबावयाचे. दीड मिनिटात ती 120 च्या आसपास उतरली, तर पुन्हा धावावयाचे. न उतरली तर समजावयाचे की काम झेपण्यापलीकडचे दिले गेले. हृदय बळकट होते ते या विसाव्यातच, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या शास्त्रज्ञांनी ते सगळेच मान्य केले असे नाही. पण विसाव्यालाही माप असते, ही दृष्टी टिकली. गेर्श्लरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग 1939 साली मिलान येथे 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावला. तो विक्रम 1955 पर्यंत अबाधित होता; हार्बिग मात्र 1944 सालीच युद्धात मारला गेला.

झाटोपेकने हीच वाट स्वतःच्या अनुभवाने मळविली. परंतु या विद्येची खरी मौज दिसते ती रॉजर बॅनिस्टरच्या बाबतीत. हा लंडनमधील वैद्यकाचा विद्यार्थी. प्रशिक्षकाचे वावडे असलेला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरला ऐनवेळी उपांत्य फेरी वाढली. त्याची तयारी बेताच्या शर्यतींपुरती होती. तो चौथा आला आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली.

पुढे मित्र ख्रिस ब्रॅशरमुळे त्याची गाठ फ्रान्झ स्टांफ्ल या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाशी पडली. चार मिनिटांत मैल म्हणजे पाव मैलाला 60 सेकंद. म्हणून आठवड्यातून अनेकदा दहा वेळा पाव मैल धावावयाचा, मध्ये दोन मिनिटांचा विसावा. 1953 च्या डिसेंबरात प्रत्येक पाव मैलाला 66 सेकंद लागत. हळूहळू एकेक सेकंद झडत गेला. विसावा तेवढाच राहिला. एप्रिलमध्ये आकडा 61 वर येऊन अडला, तो काही केल्या हलेना.

अशा वेळी कोणीही मेहनत वाढविली असती. बॅनिस्टर आणि ब्रॅशर उठले ते थेट स्कॉटलंडच्या डोंगरात. तेथे तीन-चार दिवस कडे चढले, धावण्याचे नाव काढले नाही. (हातपाय मोडले असते तर ही कथा येथेच संपती!) परत येऊन पाहतात तो दहाही पाव मैल 59 सेकंदांत. शर्यतीआधीचे काही दिवसही बॅनिस्टरने विश्रांतीतच घालविले.

6 मे 1954. सकाळी तो इस्पितळात होता; मग आगगाडीने ऑक्सफर्डला निघाला. वारा सुटलेला. गाडीत स्टांफ्ल भेटला. आता सरावात भर घालण्याजोगे काही उरले नव्हते. संधी दवडलीस तर जन्मभर हळहळशील, एवढेच त्याने सुचविले. संध्याकाळी इफली रोडच्या मैदानावर वारा जरा पडला. ब्रॅशर पुढे धावून वेग धरून देत होता, त्याच्यानंतर चॅटवे. मैल संपला तेव्हा घड्याळात 3 मिनिटे 59.4 सेकंद झाले होते.