माटुंग्याचे घर : भाडेपावतीपासून शेअर सर्टिफिकेटपर्यंत

गिरगाव, भुलेश्वर, मांडवी या मुंबईच्या जुन्या भागांत वस्ती आधी झाली आणि रस्ते नंतर रुंद झाले. माटुंग्यात मात्र हा क्रम उलटा होता. १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा दाटीवाटीच्या आणि अंधाऱ्या वस्त्यांवर तिचे खापर फुटले आणि १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहरसुधारणेसाठी जमिनी संपादन करण्याचे अधिकार असलेले स्वतंत्र मंडळ, स्थापन केले. या ट्रस्टने बेटाच्या उत्तर भागातील दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील भातशेतीच्या आणि वाड्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, त्यांवर रस्ते, गटारे आणि बागा आखल्या, आणि उरलेले प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घरबांधणीसाठी दिले. बिऱ्हाड करणाऱ्याने मोहल्ला निवडावा, त्याआधीच तो मोहल्ला कसा दिसेल हे पट्ट्याच्या अटींनी ठरवून टाकले होते.

या अटींपैकी एकीचे मोल आजही डोळ्यांना दिसते. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१०च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिने जमिनीशी केलेला कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा असू नये, असा तो नियम होता. सोप्या हिशेबाने, समोरची भिंत तीस फूट उंच असेल तर मधे निदान पंधरा फूट मोकळी जागा हवी. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही उजेड मिळावा, हा त्यामागचा विचार होता. माटुंग्यातील पाच उद्यानांच्या, म्हणजे ‘फाइव्ह गार्डन्स’च्या, आसपासच्या गल्ल्यांत इमारती एकमेकींना खेटलेल्या नाहीत याचे कारण अशा काटेकोर मोजमापात आहे, आणि जागेचे कौतुक करताना ‘हवेशीर’ हा शब्द ज्याच्या तोंडी येतो, त्याने ते श्रेय प्रथम या हिशेबाला द्यायला हवे.

दुसरा बदल भिंतींच्या आत घडला. चाळीत खोल्या एका ओळीत, गॅलरी समाईक आणि संडासही समाईक असत. माटुंग्यात मात्र दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास एकाच दाराआड असलेला ‘ब्लॉक’ रूढ झाला. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांना स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे संडास ही कल्पना सहजासहजी पचणारी नव्हती, म्हणून तो शक्यतो मागच्या टोकाला ठेवला जाई. त्या काळच्या अनेक इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिना दिसतो, तो सफाई कामगाराने घरातून न जाता वर यावे यासाठी होता. नव्या मोहल्ल्याच्या नकाशात जुनी जातव्यवस्था अशा रीतीने शिरली, हे विसरून या वास्तुशैलीची स्तुती करणे योग्य ठरणार नाही.

पहिली पिढी येथे आली ती बहुतांशी भाडेकरू म्हणून. रेल्वे, सरकारी कचेऱ्या आणि पेढ्यांत कारकुनी करणारी दक्षिण भारतीय कुटुंबे माटुंग्याला स्थिरावली, आणि मग एका बिऱ्हाडामागून दुसरे येत गेले, कारण आपली भाषा बोलणारा शेजार, देऊळ, शाळा आणि जेवणाची सोय या चार गोष्टी एकत्र मिळत होत्या. १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९३७ साली मणीज लंच होम आणि १९४२ साली रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झाले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्याला आली होती. रुईया महाविद्यालय १९३७ साली आणि पोदार महाविद्यालय १९४१ साली निघाले, तेव्हा मुलांच्या शिक्षणासाठी जागा शोधणाऱ्या मराठी, गुजराती आणि कच्छी कुटुंबांनाही हा परिसर सोयीचा वाटू लागला.

या काळातील सर्वांत अर्थपूर्ण स्थलांतर शेजारच्या हिंदू कॉलनीत घडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावाडीत ज्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले ती ट्रस्टनेच बांधलेली होती, आणि १९३०च्या दशकात त्यांनी ‘राजगृह’ बांधले तेही ट्रस्टच्याच आखणीतल्या वसाहतीत. ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा हवी, या गरजेने त्या घराची रचना ठरली. घर निवडण्याची इतकी स्वच्छ आणि इतकी उदात्त कसोटी मुंबईच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

घर विकण्याची गोष्ट बरीच पुढची आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधले. भाडे वाढेना आणि भाडेकरू निघेना, तेव्हा ‘पागडी’ची, म्हणजे भाडेहक्क सोडण्यासाठी नव्या भाडेकरूकडून एकरकमी पैसे घेण्याची पद्धत फोफावली. त्यातला एक हिस्सा मालकाला द्यावा लागे आणि त्याखेरीज भाडेपावती नव्या नावावर होत नसे. कायद्याला हा व्यवहार मंजूर नव्हता. १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आल्यावर त्याला मान्यता मिळाली. एव्हाना मालकीच्या ब्लॉकची कल्पनाही रुजली होती. गावदेवीतील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेने १९१५ सालीच तिचा पाया घातला होता, आणि १९६०चा सहकारी संस्था कायदा व १९६३चा मालकी सदनिका कायदा यांनी तिला चौकट दिली.

म्हणूनच माटुंग्यात घर विक्रीसाठी तयार करणे म्हणजे रंगसफेदीपेक्षा कागदपत्रांची जुळवाजुळव अधिक. पागडीच्या जागेसाठी भाडेपावत्यांची सलग मालिका आणि मालकाची संमती लागते. सोसायटीच्या जागेसाठी शेअर सर्टिफिकेट, आधीच्या प्रत्येक खरेदीचे करारपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि हस्तांतर शुल्क, ज्याची कमाल मर्यादा राज्य शासनाने २००१ साली २५ हजार रुपये ठरवली. इमारत १९४० पूर्वीची आहे की नंतरची, हेही पाहावे लागते, कारण दुरुस्ती मंडळाच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची वर्गवारी त्या वर्षावर बेतलेली आहे आणि पुनर्विकासात मिळणारे लाभ तिच्यावर अवलंबून असतात. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला, तेव्हा त्याचे पट्टेही पालिकेकडे आले; त्यामुळे अशा प्लॉटवरील जागा घेताना ग्राहकाचा वकील सातबारा मागत नाही, तो मूळ भाडेपट्टा मागतो आणि त्यातील अटी एकेक करून वाचतो.