घानाचे रस्ते कोणी घडवले? रेल्वे, लॉरी आणि ट्रोट्रो

१/ पश्चिम आफ्रिकेतील घाना. राजधानी आक्रा आणि असांते राज्याची जुनी राजधानी कुमासी यांच्यात सुमारे २५० किलोमीटरचे अंतर आहे. या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग १९२३ सालीच पूर्ण झाला. तरीही आजचा प्रवासी बसने, मिनीबसने किंवा विमानाने जातो. रेल्वे मागे का पडली आणि रस्ता पुढे कसा गेला, त्याचा हा इतिहास.

२/ आरंभ समुद्रापासून. घाना तेव्हा ‘गोल्ड कोस्ट’ नावाची ब्रिटिश वसाहत होती. आक्रा येथे मोठी जहाजे धक्क्याला लागतील असे बंदर नव्हते. जहाजे दूर नांगर टाकत आणि स्थानिक नावाडी फुटत्या लाटांतून वल्ह्यांच्या होड्या नेत. प्रवाशांना लाकडी खुर्चीत बसवून जहाजावरून दोराने होडीत सोडले जाई.

३/ किनाऱ्यावरून आत जाणे त्याहून कठीण. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या रोगाने दक्षिणेकडील अरण्यात घोडे आणि बैल तगत नसत. त्यामुळे बैलगाडीचा प्रश्नच नव्हता. कापड, मीठ, इतकेच काय, सोन्याच्या खाणींची यंत्रेसुद्धा सुटी करून हमालांच्या डोक्यावरून जात.

४/ १८९८ साली सेकोंडी या किनाऱ्यावरील गावातून लोहमार्ग टाकण्यास प्रारंभ झाला. १९०१ मध्ये तो टार्क्वाच्या सुवर्णखाणींपर्यंत, १९०२ मध्ये ओबुआसीच्या खाणींपर्यंत आणि १९०३ मध्ये कुमासीपर्यंत पोहोचला. खाण ते समुद्र, अशी ही रेषा होती.

५/ या तारखांमध्ये एक युद्धही दडले आहे. १९०० साली या असांतेवा या राजमातेच्या नेतृत्वाखाली असांते लोकांनी ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले. पराभवानंतर त्यांचे राज्य वसाहतीत विलीन झाले. कुमासीपर्यंतची रेल्वे सोन्याइतकीच सत्तेच्याही सोयीची होती.

६/ मग आला कोको. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट कोकोच्या निर्यातीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हे मळे युरोपीय मळेवाल्यांचे नव्हते. आफ्रिकी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, पैसे जमवून, दूरच्या अरण्यात जमिनी विकत घेतल्या आणि स्वतः लागवड केली.

७/ पीक बाजारात न्यायचे कसे? काही कोको डोक्यावरून जाई, काही मोठ्या पिंपांत भरून वाटेवरून लोटत नेला जाई. पॉली हिल या संशोधिकेच्या १९६३ च्या ग्रंथात नोंद आहे की शेतकऱ्यांनी स्वखर्चाने ठेकेदार नेमून डेन्सू नदीवर पूल बांधून घेतले. सरकारची वाट पाहत ते बसले नाहीत.

८/ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हलक्या फोर्ड लॉऱ्या आल्या आणि चित्र पालटले. शेतकरी, व्यापारी, चालक अशा आफ्रिकी लोकांच्या हाती हे वाहन गेले. परदेशी सांगाड्यावर स्थानिक सुतार लाकडी साज चढवत. रेल्वेचे स्थानक जिथे नव्हते, तिथे लॉरी जाऊ लागली.

९/ सरकारला हे रुचले नाही. रेल्वेत आणि १९२८ साली खुल्या झालेल्या टाकोराडी बंदरात मोठे भांडवल गुंतले होते. मालाचे भाडे तिथेच यायला हवे होते. म्हणून रेल्वेला समांतर जाणाऱ्या रस्त्यांत मुद्दाम काही तुकडे न बांधता सोडले गेले. १९३६ साली तर ठरावीक रस्त्यांवरून ठरावीक माल नेण्यावर कायद्याने निर्बंध आले.

१०/ पण चालकवर्ग आता संघटित होत होता. १९३७-३८ मध्ये युरोपीय कंपन्यांनी संगनमताने भाव पाडल्याचा आरोप करून शेतकऱ्यांनी कोको विकणेच थांबवले. लॉरीचालकांचीही त्यांना साथ मिळाली. वाहतूक ज्यांच्या हाती, त्यांच्या हाती राजकीय बळही असते, हे तेव्हा सर्वांना दिसले.

११/ याच लाकडी लॉऱ्यांना ‘मॅमी लॉरी’ हे नाव पडले, ते बाजारात व्यापार करणाऱ्या स्त्रियांवरून. बाकावर माणसे, मागे याम आणि कोंबड्या, कपाळावर रंगवलेले एखादे वचन. याच परंपरेतून ‘ट्रोट्रो’ आली. गा भाषेत ‘त्रो’ म्हणजे तीन पेन्स, म्हणजेच एके काळचे शहरातले भाडे.

१२/ १९५७ साली देश स्वतंत्र झाला, पण रुळांवरचा संघर्ष संपला नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये सेकोंडी-टाकोराडीच्या रेल्वे व बंदर कामगारांनी सक्तीच्या बचतीसह नव्या अर्थसंकल्पाविरुद्ध १७ दिवस संप केला. क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. पुढच्याच वर्षी टेमा बंदर खुले झाले आणि आक्राच्या लाटांतील होड्यांचे युग संपले.

१३/ १९७० च्या दशकातील आर्थिक अरिष्टात देखभालीअभावी रेल्वे खिळखिळी झाली, लॉऱ्यांना सुटे भाग मिळेनात. कोको आतल्या गावांत अडकून पडला. १९८२ साली विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची पथके गावोगावी गेली आणि पोती वाहून ती बंदराकडे पाठवण्याच्या कामास लागली.

१४/ या नकाशात उत्तर घानाला जागाच नव्हती. कुमासीच्या पुढे लोहमार्ग कधी गेला नाही. उत्तरेचे तरुण खाणींत आणि कोकोच्या मळ्यांत मजुरीसाठी दक्षिणेकडे चालत येत. आजही आक्रा ते तामाले हा प्रवास सहाशे किलोमीटरांहून अधिक रस्त्याचा आहे. ज्याला परवडते तो विमानाने सुमारे तासाभरात पोहोचतो. बाकीच्यांचा दिवस बसमध्ये जातो.

१५/ आज घानात फिरणाऱ्याला ट्रोट्रो टाळता येत नाही. आपल्याकडच्या वडापसारखी ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि दारातला ‘मेट’ पुढच्या थांब्याचे नाव ओरडत असतो. २०२४ साली टेमा बंदराहून व्होल्टा सरोवराच्या दिशेने नवा लोहमार्ग खुला झाला, म्हणजे पुन्हा एकदा बंदरापासून आत. माणसांची रोजची ये-जा मात्र अजूनही त्याच रस्त्यांवरून होते, ज्यांतले कित्येक पहिले पूल कोकोच्या पैशातून उभे राहिले.