सुमोच्या पोटातला पिकअप

स्वदेशी मोटारीची कथा इंडिकापासून सुरू करण्याचा प्रघात मला पटत नाही. तिचे मूळ एका पिकअपमध्ये आहे.

टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल आणला. त्याच्याच बांधणीवर १९९१ मध्ये तीन दारांची सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो उभी राहिली. (सुमो हे नाव पैलवानांवरून नव्हे, सुमंत मुळगावकरांवरून!) वरचे रूप दर वेळी निराळे, खाली मात्र शिडीसारखी तीच पोलादी चौकट. १९५४ पासून डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधणाऱ्या कंपनीच्या हाताला चौकटीचीच सवय होती. स्वतंत्र चौकटीविना, अखंड कवचाची मोटार घडवायची तर आराखडे आणि साचे मुळापासून नवे हवेत.

सिएराच्या मागच्या वळणदार काचांचे कौतुक पुष्कळ झाले. पण खरी कसोटी सुमोची. खड्ड्यांतून दहा माणसे नेणारे वाहन मोटारीसारखे नाजूक असून कसे चालेल? वडापवाल्यांनी ते लगेच ओळखले.

१९९८ मध्ये सफारी आली ती याच वंशातली. त्याच वर्षीची इंडिका मात्र चौकटीविना.