पर्यावरणाचा पेपर : न्यायालयातून वर्गात, वर्गातून गावात

पदवीच्या वर्गातील 'पर्यावरण अभ्यास' हा विषय बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, तो उत्तीर्ण होण्यापुरता पेपर म्हणून. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चाळायचे आणि जुना प्रकल्प नव्या वहीत उतरवायचा, ही रीत अनेक महाविद्यालयांत रुळली आहे. हा विषय सक्तीचा झाला तो मात्र सर्वोच्च न्यायालयामुळे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

न्यायालयाचा आदेश

ज्येष्ठ वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणविषयक स्लाइड दाखवाव्यात, आकाशवाणी व दूरदर्शनवर कार्यक्रम व्हावेत आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करावा, असे त्यात म्हटले होते. अंमलबजावणीस मात्र एक तप उलटावे लागले. २००३ साली न्यायालयाने पुन्हा निर्देश दिल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी लागू झाला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले.

आराखडा काय होता?

या अभ्यासक्रमात ५० व्याख्याने व आठ घटक होते. नैसर्गिक साधनसंपत्ती, जैवविविधता व प्रदूषण यांना प्रत्येकी आठ, तर परिसंस्थेला सहा व्याख्याने होती. शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा होता. शंभरपैकी २५ गुण त्यासाठीच राखलेले होते. नदी, टेकडी, कचरा डेपो किंवा कारखान्याचा परिसर प्रत्यक्ष पाहून अहवाल लिहावा, अशी ही कल्पना होती. नेमका हाच भाग बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला. आयोगाने २०१७ मध्ये अभ्यासक्रमात सुधारणा केली. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून २०२३ मध्ये नवा आराखडा आला. त्यात पदवी स्तरावर पर्यावरण शिक्षणासाठी किमान चार श्रेयांक ठेवण्यात आले असून, हवामान बदल, कचरा व्यवस्थापन व वन्यजीव संवर्धन यांवर भर आहे.

वरच्या वर्गांत काय शिकवतात?

पर्यावरणशास्त्र हाच मुख्य विषय घेणाऱ्यांचा अभ्यास याहून पुष्कळ खोल असतो. पदवीच्या शेवटच्या वर्षात व पदव्युत्तर वर्गांत साधारणतः पर्यावरण रसायनशास्त्र, परिसंस्थाशास्त्र, सुदूर संवेदन, पर्यावरण कायदे आणि पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन हे विषय येतात.

प्रयोगशाळेतील एक साधे उदाहरण घेऊ. नदीचे पाणी किती दूषित आहे हे ठरविताना त्यातील जैविक प्राणवायू मागणी, म्हणजेच 'बीओडी' मोजतात. नमुन्यातील विरघळलेला प्राणवायू प्रथम मोजायचा, बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवायची आणि पुन्हा मोजायचे. दरम्यान सूक्ष्मजीवांनी जेवढा प्राणवायू वापरला, तेवढी सेंद्रिय घाण पाण्यात आहे असे समजते. स्नानयोग्य पाण्यात ही मागणी लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा निकष आहे. हा प्रयोग स्वतः केलेल्या विद्यार्थ्याला शहरातून वाहणाऱ्या नदीविषयी निराळे भाषण द्यावे लागत नाही.

जनसुनावणीची कसोटी

परिणाम मूल्यांकनाच्या विषयाचे महत्त्व तर थेट लोकांच्या जगण्याशी निगडित आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना मंजुरीपूर्वी मूल्यांकन अहवाल आणि जनसुनावणी बंधनकारक आहे. सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. परंतु सारांश हाती आला तरी तो वाचता यावा लागतो. हवेचे नमुने कोणत्या ऋतूत घेतले, प्रकल्पाच्या जागेतील ओढे नकाशात दाखविले आहेत काय, वनस्पतींच्या यादीत गावकऱ्यांना ठाऊक असलेली झाडे का नाहीत, हे प्रश्न विचारण्यास अभ्यासाचीच गरज असते. मंजुरीला आव्हान द्यायचे झाल्यास २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. तेथे भावनेपेक्षा मोजमापाला अधिक किंमत असते.

प्रवेश घेताना काय पाहावे?

त्यामुळे महाविद्यालय निवडताना विद्यार्थी व पालकांनी काही गोष्टींची चौकशी अवश्य करावी. क्षेत्रभेटी खरोखर होतात काय, पाणी व मातीच्या तपासणीची उपकरणे चालू स्थितीत आहेत काय, कायदा शिकविणारे जाणकार शिक्षक आहेत काय आणि प्रकल्प अहवाल दरवर्षी नवे असतात काय, हे पाहावे. सल्लागार संस्था, उद्योगांचे पर्यावरण विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळे, संशोधन आणि अध्यापन अशी कामाची क्षेत्रे पुढे असली, तरी उमेदवाराने हाताने केलेले काम किती, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

उतरवून काढलेल्या प्रकल्पाला गुण मिळतील, परंतु गावच्या सुनावणीत एखादा तरुण अहवालाचे पान उघडून नेमका आकडा विचारतो, तेव्हाच १९९१ च्या त्या निकालाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.