मान, होकार आणि साक्ष : यवतमाळविषयक वृत्तलेखनाच्या निमित्ताने

वृत्तलेखनाचा पाया ऐकलेल्या शब्दावर असतो. मान हलणे ही मात्र पाहिलेली गोष्ट आहे. ती बातमीत येते तेव्हा पाहिलेल्याचे ‘सांगितलेल्या’त रूपांतर झालेले असते. हे रूपांतर कोण करतो, हा प्रश्न शैलीइतकाच सत्तेचाही आहे.

या हालचालीचे भेद मराठीने बारकाईने जपले आहेत. कीर्तनात श्रोता मान डोलावतो ती दाद असते, आज्ञेपुढे मान तुकवली जाते, अपराधी मान खाली घालतो. नुसते ‘मान हलवली’ म्हटल्याने होकार की नकार हे ठरत नाही; म्हणून ‘होकारार्थी’ वा ‘नकारार्थी’ असे विशेषण जोडावे लागते. या संकेतव्यवस्थेतील सर्वांत बोलके रूप नंदीबैलाचे आहे. ‘पाऊस पडेल का?’ असे नंदीवाला विचारतो आणि बैल मान डोलावतो. प्रश्न, इशारा आणि उत्तराचा अर्थ ही तिन्ही नंदीवाल्याचीच असतात. सत्तेपुढे माना डोलावणाऱ्यांना ‘नंदीबैल’ म्हणणारी राजकीय टीका याच अनुभवावर उभी आहे.

सभावृत्ताच्या जुन्या साच्यात श्रोत्यांचे अस्तित्व कंसातील ‘टाळ्या’ आणि ‘हशा’ यांपुरते असे. जे ऐकू येते तेवढेच नोंदले जाई आणि निःशब्द होकाराला तेथे जागा नसे. लोकनायक बापूजी अणे यांनी 1918 च्या सुमारास यवतमाळहून ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले आणि 1930 मध्ये पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. त्या काळात ‘लोक’ ही प्रामुख्याने सामूहिक संज्ञा होती. लोकांचे मत नेता व संपादक यांच्या वाणीतून प्रकट व्हावे, हे गृहीत होते. एकट्या शेतकऱ्याची मान हा वृत्ताचा विषय होण्यास वृत्तलेखकाने व्यासपीठ सोडून अंगणात येणे आवश्यक होते.

हे स्थित्यंतर मराठीत अनिल अवचट यांच्या ‘पूर्णिया’ (1969) सारख्या लेखनाने ठळक केले. प्रत्यक्ष जाऊन पाहणाऱ्या निवेदकामुळे मौन, नजर आणि देहबोली यांना पुराव्याचे मोल आले. हा लाभ निर्विवाद आहे; परंतु अनुकरणात त्याचा साचा बनला. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळ देशभरच्या वृत्तपत्रांत आले. जुलै 2006 मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, त्यांत यवतमाळ होते. नेत्यांच्या भेटींमागोमाग वार्ताहर आले आणि एक प्रसंग पुन्हा पुन्हा लिहिला जाऊ लागला. अंगणात बसलेली विधवा, ‘कर्जाचाच ताण होता ना?’ असा प्रश्न, आणि तिची हललेली मान. छापताना प्रश्न गळतो आणि त्यातला आशय तिचे निवेदन म्हणून उरतो. वस्तुतः ती मान होकाराची असेल, पाहुण्याचा मान राखणारी असेल, किंवा ‘ऐकते आहे’ एवढेच सांगणारी असेल. या जिल्ह्यात कोलामी, गोंडी आणि गोरमाटी बोलणारी घरे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे गुंता अधिक वाढतो. तेथे मान हलणे हा कधी कधी न समजलेल्या मराठीला दिलेला सभ्य प्रतिसादही असू शकतो.

न्यायशास्त्राला ही अडचण फार पूर्वी जाणवली होती. ‘क्वीन-एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला’ (1885) या खटल्यात गळा चिरलेल्या मुलीने मृत्यूपूर्वी विचारलेल्या प्रश्नांना हाताच्या खुणांनी उत्तरे दिली होती. प्रश्न आणि खूण ही एकत्र घेतली तरच तिचे कथन सिद्ध होते, असा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा बहुमताचा निर्णय होता. खुणेला स्वतंत्र अर्थ नाही; तिचा अर्धा भाग विचारणाऱ्याच्या तोंडी असतो. वृत्तलेखन नेमका हाच अर्धा भाग वगळते. परिणामी वार्ताहराचे अनुमान पीडिताची साक्ष ठरते आणि त्या साक्षीवर पुढे अग्रलेख, अहवाल आणि धोरणे उभी राहतात.

या पार्श्वभूमीवर जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला भरलेले 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वेगळ्या अर्थाने महत्त्वाचे ठरते. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने वाद उठला आणि उद्घाटन याच जिल्ह्यातील एका शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. तिच्या निवडीत संयोजकांची सोय किती आणि आस्था किती, याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु तिने भाषण केले आणि वृत्तपत्रांना तिचे शब्द अवतरणचिन्हांत द्यावे लागले. जिच्यासारखीची एरवी केवळ मान नोंदली गेली असती, तिचे वाक्य नोंदले गेले.

मान डोलावण्याची नोंद वृत्तलेखनाने करूच नये, असा याचा अर्थ नाही. निःशब्दतेचीही साक्ष असते. मात्र ती नोंदवताना विचारलेला प्रश्न, त्याची भाषा आणि विचारणाऱ्याची जागा यांचीही नोंद झाली पाहिजे. एरवी पाऊस पडेल की नाही हे सांगणारा बैल कोण आणि नंदीवाला कोण, हे वाचकाला कधीच कळणार नाही.