सांतियागो विदाउरी : जकातनाक्याचा मालक कोण?

आज आपण मेक्सिकोच्या उत्तर टोकाला जाणार आहोत. नुएवो लेऑन हा तिथला प्रांत आणि मोंतेरेय त्याची राजधानी.

मे १८५५ मध्ये सांतियागो विदाउरी याने हुकूमशहा सांता आनाविरुद्ध बंड करून मोंतेरेय घेतलं आणि तो गव्हर्नर झाला. प्रांताच्या दफ्तरात वर्षानुवर्षं काम केलेला हा माणूस. सरकार पैशावर चालतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १८५६ मध्ये त्याने शेजारचा कोआविला प्रांत आपल्याला जोडून घेतला. सीमेवरच्या जकातीचा पैसा केंद्राकडे न पाठवता त्याने तो स्वतःच्या फौजेवर खर्च केला. त्याच उत्तरेच्या फौजेत सारागोसा आणि एस्कोबेदो हे सेनानी पुढे आले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, तेव्हा टेक्सासचा कापूस रिओ ग्रांदे ओलांडून मेक्सिकोमार्गे बाहेर जाऊ लागला. मोंतेरेयचे व्यापारी गब्बर झाले आणि विदाउरीचा खजिना भरला.

पण इकडे फ्रेंच फौजा मेक्सिकोत घुसल्या होत्या. राजधानी सोडावी लागलेले अध्यक्ष बेनितो हुआरेस १८६४ च्या सुरुवातीला कोआविलातल्या साल्तियोला पोहोचले. हाती पैसा नाही आणि लढाई तर चालवायची आहे. त्यांनी जकातीचं उत्पन्न मागितलं. विदाउरीने नकार दिला. फेब्रुवारीत हुआरेस स्वतः मोंतेरेयला गेले, तर त्यांना हात हलवत परतावं लागलं. त्याच महिन्यात त्यांनी हुकूम काढून कोआविला वेगळा केला. मार्चअखेर विदाउरी टेक्सासला पळाला.

पुढे तो परक्यांनी बसवलेल्या सम्राट मॅक्सिमिलियनला जाऊन मिळाला आणि १८६७ मध्ये त्याचा अर्थमंत्री झाला. त्या सम्राटाला केरेतारोत वेढा घालून पकडणारा सेनापती कोण होता? विदाउरीच्या जुन्या फौजेतला तोच एस्कोबेदो! मेक्सिको शहर पडल्यावर विदाउरीही सापडला. ८ जुलै १८६७ रोजी, खटला न चालवता, त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

त्याला नुसतं गद्दार म्हणून मोकळं होता येत नाही. दूरच्या राजधानीने आपल्या प्रांताला लुटू नये, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. पण देशच बुडत असताना तो तिजोरीची किल्ली धरून बसला. प्रांत राखायला निघालेल्या या माणसाने शेवटी प्रांतही गमावला आणि देशही. कोआविला आजही वेगळं राज्य आहे.